पाच वेळा, मग गप्प

गुरवांच्या प्रणयनं लॅपटॉप उपडा केला.
सात स्क्रूंपैकी चार गंजून एकजीव,
खाऱ्या हवेनं आटे खाल्लेले.
"मॅडम, मीठ साठवलंत काय आत?"
राजापुरात, जवाहर चौकात, त्याच्या दुकानाच्या भिंतीवर
गेल्या पुराची रेघ आहे,
त्याच्या डोक्याच्या वीतभर वर.

मला वाटायचं कुलूप दाराला असतं,
दार काढलं की खोली आपली.
तो म्हणाला, नाही, हे डिस्कनं पोटात घेतलंय.
दुसऱ्या मशीनला लावा, तिसऱ्याला लावा, तेच विचारणार.
पाचदा चुकलात की गप्प बसणार.
वीज काढा, परत द्या, मग परत पाच.
"पुसून देऊ? डिस्क चांगली आहे. कोरी होईल, एवढंच."

एवढंच.

आत हुसैनचाचा होडेकर आहेत,
साखरीनाट्याच्या धक्क्यावर जाळं सांधत,
एकतीस तास आणि वर काही मिनिटं.
मी तेव्हा मत्स्य खात्याची कंत्राटी सर्वेक्षक,
किती होड्या, किती किलो.
फॉर्मात ज्याला रकाना नव्हता
ते माझ्यासाठी भरून घ्यायची:
कुठला खडप कुठल्या माडाच्या रेषेत येतो,
भांगाला मासा कुठे झोपतो.
चाचा म्हणाले, कुनाला देव नको हां,
ट्रॉलरवाले खरवडून नेतील.
म्हणून तर कुलूप.
किल्लीही त्यांच्याच बोलण्यातली, त्याच दिवशीची.
म्हटलं, हा शब्द कसा विसरेन!

अकरा वर्षं झाली.
चाचांना जाऊन सहा.

प्रणयनं एक जुनं मशीन उसनं दिलं.
रोज जेवणं उरकली की पाच शब्द.
शेंगटी. काळुंदर. सुकती.
मुडदुशी. म्हातारीचे दात.
स्विच बंद, स्विच चालू.
इंग्रजी अक्षरांत ळ कुठून आणायचा,
तेव्हा एल एकदा दाबला होता की दोनदा?

तेच तेच परत नको म्हणून चुकलेले वहीत लिहिते,
शेजारी, आठवलं तर, अर्थ.
शेंडा बुडणे: मागचा माड दिसेनासा होतो तिथवरचं अंतर.
आंधळी बाव: इथे नांगर टाकू नये, दोर कापावा लागतो.
पहिली वही संपली. दुसरी दोनशे पानी घेतली.
मध्येच एखादा शब्द नुसताच आठवतो,
पासवर्डसाठी नव्हे,
तोही लिहिते.
फक्त चाचांचा खोकला वहीत येत नाही,
बोलता बोलता जाळ्याची सुई दातात धरायचे तोही नाही.

नातवाकडे गेले. नुमान. त्याची बोट मोठी आहे.
त्यानं पडद्यावर ठिपके दाखवले, बाजूला आकडे.
"ही जागा दादाचीच. नाव? नाव नाय म्हाईत.
सतरा नंबर म्हनतो आमी."
घरी येऊन सतराही टाकून पाहिला.

मेअखेरीला फोन:
मशीन द्या, सामान माळ्यावर चढवायचंय, पाऊस तोंडावर आलाय.
डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळली, वह्या पिशवीत.
प्रणय वायर गुंडाळता गुंडाळता वही चाळत राहिला,
ओठ हलवत, लहान पोरासारखा.
मग थांबला.
"आंधळी? नाट्यात ध कोण म्हणतं?
माझे मामा तिथलेच. आंदळी."

सगळ्या फॉर्मांत मी शुद्धच लिहीत आले.
चाचा म्हणायचे एक, मी मनात दुरुस्त करायचे,
आणि दुरुस्त केलेलंच त्यांचं समजायचे.
त्या दिवशी घाईत, ऐकलं तसंच
टाकलं असेन का?

तो गुंडाळलेली वायर सोडत होता.
दुकान अर्धं माळ्यावर गेलेलं,
खुर्ची एकच उरलेली, ती पुढे केली.
"बसा. पाच आहेत.
आधी एच काढू."