रेंज

आमच्या वाड्यावर रेंज नव्हती,
म्हणून माळाच्या एका तुकड्यालाच आम्ही रेंज म्हणायचो.
कुठे चाललीस? रेंजला.
आईला तर ते एखाद्या गावाचंच नाव वाटू लागलेलं.

काजूची पाच झाडं, पाच जण.
अंतर ठरवलं सावल्यांनी.
अल्फाज वाळपईहून सायकल मारत यायचा.
त्याच्या घरी रेंज भरपूर होती, वायफायसुद्धा,
तरी यायचा.
आम्ही कधी विचारलं नाही का.

सर अर्थशास्त्र शिकवायचे, अडकत अडकत,
माग... माग... आणि पुरवठा गायब.
आम्ही मास्क हनुवटीखाली ओढून
एकमेकांची तोंडं बघून घ्यायचो.
कुष्टाला मिशी फुटली होती, त्याला वाटायचं कोणाला दिसत नाही.

मग पाचवं झाड रिकामं झालं.
रुद्रेशचे बाबा वास्कोहून ट्रक घेऊन आले ते खोकतच,
आणि आरोग्य केंद्रवाल्यांनी फाटकाला लाल कागद डकवला.
त्याच्या घरात फोन म्हणजे नुसतं घड्याळ.
कुंपणाआडून ओरडून त्याने सांगून ठेवलं:
साडेसातला पडवीतला बल्ब
तीनदा लावेन, तीनदा विझवेन.
म्हणजे मी आहे.

आम्ही माळावरून टॉर्च दाखवायचो, तीनदा.
म्हणजे आम्हीपण.

आठ दिवस बल्ब लागला.
नवव्या दिवशी नाही.
दहाव्या दिवशी नाही.
झोपला असेल, कुष्टा म्हणाला.
सलोनी गवताची काडी मोडत राहिली, बारीक, अजून बारीक.

मला मात्र माझा एप्रिल आठवला.
अंथरुणावर पडून छपराची कौलं मोजायची मी,
एकशे बारा, परत पहिल्यापासून.
भूक नाही, राग नाही, रडूही नाही.
आई म्हणाली आळस चढलाय पोरीला.
मीही म्हटलं, आळसच.
दुसरा शब्द माहीत नव्हता घरात कोणाला.

अकराव्या दिवशी आम्ही गवत कापलं.

दिवाळीला आठवडा होता.
दरवर्षी चवथ सरली की
नरकासुराचं डोकं रुद्रेश करायचा,
दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही.
यंदा नरकासुर नको, असं ठरलेलं होतं वाड्यावर.
हा लहानच होता म्हणा, कमरेएवढा,
त्याच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे
बांबूच्या चार काठ्या, गवत, माझ्या भावाची जुनी चड्डी.
बोललो काहीच नाही.
बरा आहेस का, हे विचारायला गेलो असतो
तर तो हो म्हणाला असता.

डोकं कुष्टाने केलं. वाईट केलं.
खोक्याचा पुठ्ठा, काळा रंग,
दात अल्फाजने चिकटवले, घाईघाईत,
डोळे एक वर, एक कानाजवळ.
आम्ही मागे सरून बघत उभे राहिलो.
अंधार पडत आला.
त्याच्या खोलीची खिडकी बंद.
पोदेराने सकाळी फाटकावर अडकवलेली पावांची पिशवी
अजून तशीच होती.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

मग कडी वाजली.
एक फळी उघडली, हाताएवढी,
आणि आतून, अकरा दिवसांच्या गंजलेल्या आवाजात:
'दांत उरफाटे लायल्यात रे!'

कुष्टा इतका हसला की खाली बसला.
सलोनी हसली नाही, तिने तोंड फिरवलं.
मग अर्धा तास शिव्या खाल्ल्या आम्ही,
हा डोळा खाली घे, तो नव्हे, गाढवा, दुसरा,
कान काढ, राक्षस आहे तो, ससा नाही.

बल्ब का नाही लावलास, मी शेवटी विचारलंच.
खिडकी जरा वेळ गप्प.
बल्ब गेला होता, म्हणाला.
दुकान कुठे उघडं आहे.

खरं असेल.
दुकान बंदच होतं.

दुसऱ्या दिवशी आईकडून बल्ब मागून घेतला,
वर्तमानपत्रात गुंडाळून फाटकाला अडकवला, पावांच्या बाजूला.
साडेसातला आम्ही चौघं माळावर,
कोणी लेक्चर लावलं नव्हतं.

आता टॉवर झालाय, चतुर्थीच्या आधीच सुरू झाला.
घरात, न्हाणीत, विहिरीवर, सगळीकडे रेंज.
माळावर कोणी जात नाही.
रुद्रेश वेर्ण्याला कंपनीत आहे, रात्रपाळी.
कधी दोनच्या सुमारास
त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो,
आणि मी काहीतरी मुद्दाम चुकीचं लिहून पाठवते.
तो दुरुस्त करेपर्यंत जागी राहते.