ओला कचरा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
लोकमान्य नगरात गाडी वाजत येते.
निळा डबा, हिरवा डबा.
हिरव्यात माझं हल्ली काही नसतं.

पुदिन्याच्या काड्या स्टीलच्या पेल्यात,
पेराच्या जरा खाली कापलेल्या.
पातीच्या कांद्याची बुडं दाढीच्या मगात,
पांढऱ्या मिशा पाण्यात सोडून
पेन्शनर ओटल्यावर बसावेत तशी.
आल्याला डोळा फुटलाय.
तो माझ्याकडे बघतो,
आणि मी बिनआल्याचा चहा पितो.

नलिनी बंगलोरला, लेकीच्या बाळंतपणाला.
जाताना फ्रीजवर यादी चिकटवून गेली:
गॅसचा नंबर, दूधवाला,
कढीपत्त्याला आठवड्यातून दोनदा पाणी.
मी रोज घातलं. न चुकता.
एकविसाव्या दिवशी तो गेला.

मग मंडईतून जुडी आणून काड्या लावल्या.
अकरा.
अकराही कुजल्या.
फोनवर मी कॅमेरा हळूच फिरवतो,
पुदिन्यापाशी थांबवतो.
"वा," ती म्हणते,
"आणि हा पेला माझ्या आईकडचा ना?"

गाडीवरच्या रामकन्येनं एकदा
हिरवा डबा उलटा धरून हलवला.
"क्या अंकलजी, खाना-वाना नी खा रिये हो क्या?"
मी खिडकी दाखवली.
ती आधी हसली, मग कुजक्या काड्यांकडे बघून
डॉक्टरसारखी म्हणाली,
"मीठा नीम डंडी से नी लगता.
जड़ से फूटता है."

चौथ्या दिवशी दुधाच्या पिशवीत
तिच्या दारच्या झाडाच्या मुळातून फुटलेलं पोर,
वीतभर, मातीसकट.
गाडी वाजतच होती.
किती द्यायचे, विचारलं
तर तिनं निळ्या डब्याकडे बोट केलं.
आत केळ्याची साल. माझीच.
"पेले ये उठाओ."

मी तिला पुदिना दिला, ओल्या फडक्यात गुंडाळून.
पेला नाही दिला.

काल नलिनीनं पुन्हा खिडकी बघायला मागितली.
"थांब, मागे घे.
कढीपत्ता एवढासा कसा?"
छाटलाय, म्हणालो.
पलीकडे नातू रडत होता,
ती त्याला थोपटत राहिली,
बराच वेळ.
मग म्हणाली,
"याला तरी रोज पाणी घालू नकोस."