पेन्सिल

रजिस्टर पेनानंच भरायचं,
गटप्रवर्तक बाईंनी चारदा बजावलंय.
तरी पिशवीत, वजनकाट्याच्या हुकाशेजारी,
मी एक पेन्सिल ठेवते.
एकाच रकान्यासाठी:
स्थलांतरित.

दिवाळी सरली की आमचा पाडा रिता होतो.
नागली कणगीत पडते,
कुलूप नसलेल्या दारांना दोरी बांधतात,
आणि पेठच्या रस्त्यावर हंडे, गोधड्या, एखादी कोंबडी घेऊन
माणसं पिकपमध्ये चढतात.
दिंडोरीकडे, द्राक्षात.

यंदा त्यात जिवली होती.
जिवली काशिनाथ भोये, वय एकोणीस, पहिलटकरीण,
हिमोग्लोबिन सात.
सासू म्हणाली, गेली ती, निळ्या टाकीच्या बागेत.
दिंडोरी तालुक्यात निळ्या टाक्या किती
ते मला डिसेंबरच्या एका मंगळवारी कळलं.

दोन एसट्या, एक दुधाची गाडी, पुढं पाय.
भाड्याला रकाना नाही.

चौथ्या बागेत सापडली.
वेलीखाली उभी, हात वर,
कात्रीनं घडातले मणी विरळ करत होती.
एका घडात किती ठेवायचे, किती पाडायचे,
सगळं मोजून.
पायाशी हिरव्या मण्यांचा सडा.
मुकादम आडवा आला, कोण तुम्ही?
आशा.
आडनाव?

हसू आलं, पण हसले नाही.
अकरा वर्षं मी आशाच आहे.
हेमलता चौधरी फक्त बँकेच्या पुस्तकात राहते,
आणि तिथंही जूनपासून कुणी तिला भेटायला आलेलं नाही.

जिवलीची पापणी खाली ओढली.
आतून तांदळाच्या धुवणासारखी.
गोळ्या?
तिनं मातीकडं पाहिलं.
काळी होते ना ताई, मला भ्याव वाटलं.
कुणी सांगितलंच नव्हतं तिला.
कुणी म्हणजे मीच.
जूनमध्ये घाईत होते, सर्व्हे होता, पावसाआधीचा.

मग तिकडची आशा आली स्कूटीवर, शैला कडलग,
केसात फवाऱ्याचा वास.
उलट्या क्रेटवर बसलो दोघी, मध्ये जिवली.
तिनं तिच्या वहीत नाव लिहिलं, मी माझ्या.
केस कुणाची धरायची, मी विचारलं,
विचारताना लाज वाटली, तरी विचारलं.
अर्धे अर्धे, शैला म्हणाली.
मिळाले तर.

घरी पोचले तेव्हा नऊ वाजले होते.
नवरा म्हणाला, आजच्या दिवसाचे किती?
मी भाकरी थापत राहिले.
तोही चिडून नव्हता म्हणाला,
नुसता हिशोब लावत होता बिचारा.

गेल्या साली एक नाव मला पेनानं लिहावं लागलं होतं.
तेही बागेतच गेलेलं.
मी त्या साली कुठल्याच टाक्या मोजायला गेले नव्हते.
त्याबद्दल इतकंच.

फेब्रुवारीत, भाकरी तव्यावर असताना, फोन वाजला.
मुलगी. दोन किलो तीनशे.
पिशव्या दोन लागल्या, नाशिकला सिव्हिलला नेली,
पण रडली हो लगेच, शैला सांगत होती,
आणि इकडे भाकरी करपत होती,
आणि मी उलटत नव्हते.

रबर घेतलं. खोडलं.
त्या रकान्याचा कागद इतक्या वर्षांत इतका झिजलाय
की उजेडासमोर धरला
तर मागच्या पानावरची नावं दिसतात.

आखाजीला पिकप परतले.
जिवली अंगणवाडीत आली, उन्हानं काळवंडलेली,
बोटांना कात्रीचे घट्टे.
पोर तिनं स्वतःच झोळीत घातली,
झोळी हुकाला अडकवली आणि हात काढून घेतले,
पूर्ण नाही, वीतभर.
काटा थरथरला.
पोरीनं लाथ मारली, परत थरथरला,
मग थांबला.

चार किलो शंभर, मी वाचलं.

परत वाचा ना ताई.

परत वाचलं.