गैरहजर

मंडळीची हजेरीवही माझ्याकडे असते.
तीन रकाने: नाव, हजेरी,
आणि पाळकांनी यंदा पट्टीने आखून घेतलेला तिसरा,
'किती जणांना साक्ष दिली'.
बाया आकडे सांगतात, मी लिहून घेतो.
चार. सात. एकदा कुणीतरी एकोणीस म्हणाली
आणि सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

फानेसी कापालामुला सलग तीन गुरुवार आली नाही.
तिच्या नावापुढे मी तीन फुल्या मारल्या
आणि चौथ्या गुरुवारी, सभेला तासभर असताना,
सायकल काढली.

म्वेरा सुटला होता. जुलैत हा वारा सरोवरावरून येतो
आणि सदऱ्याच्या आत शिरून बरगड्या मोजतो.
मांगोचीच्या या काठाला अजानीचे भोंगे जास्त,
आमची घंटा एकच,
तीही रुळाचा तुकडा टांगून केलेली.

फानेसी आपल्या घरी नव्हती.
शेजारच्या आवारात, बांबूच्या माच्यांपाशी
पालथ्या बादलीवर बसली होती, हातात काठी.
माच्यांवर उसिपा वाळत होती,
बोटभर मासळी, हजारोंनी,
कुणी चांदी किसून टाकावी तशी.
वर बाओबाबावर कावळे.
इकडचे कावळे काळ्या अंगावर पांढरी गळपट्टी घालतात,
अगदी आमच्या पाळकांसारखी.
(हे मी कुणाला बोललेलो नाही.)

"ही मासळी तुझी?"
"मैमूनाची."
"ती कुठंय?"
"झोंबाला, इस्पितळात. धाकटीच्या छातीत पाणी झालंय."
"मग?"
"मग कावळे," ती म्हणाली,
जणू आंधळ्याला सांगावे तसे.

मी वही उघडली. सवयच ती.
"पत्रकं वाटलीस का? चाळीस दिली होती."
ती उठली नाही, काठीनेच दाखवले.
मैमूनाचा थोरला, इद्रिसा, अंगणात पोटावर पडून
पत्रकांच्या कोऱ्या बाजूंवर होड्या काढत होता.
शिडाच्या, इंजिनाच्या.
एक बुडालेली, तिच्यावर फक्त पाणी.

मी बोलायला तोंड उघडले,
तेवढ्यात पोराने कागद उलटा केला.
"आगोगो, हा मेंढरू खांद्यावर घेतलेला कोण?"
फानेसीने झाडावरची नजर काढली नाही.
"त्यानंच मला इथं बसवलंय."
"कशाला?"
"तुझ्या आईची मासळी राखायला."
पोराने चित्र नीट न्याहाळले.
"मग त्याची मेंढरं कोण राखतं?"

आता आली का पंचाईत.
पाळक यावर पाऊण तास बोलले असते.
मलाही दोन वचने आठवली, अध्यायासकट.
फानेसी हसली, पुढचे दोन दात नसलेले हसू.
"बघ ना," म्हणाली, "आपणच की."
आणि उठून काठी माझ्या हातात दिली.
"धर. पोराला न्सिमा करून घालते.
सकाळपासून उपाशी आहे, सांगत नाही लबाड."

बादली माझ्या मापाची नव्हती.
वही मांडीवर ठेवली, वाऱ्याने पाने फडफडवली,
आकडे सगळे उलटसुलट.
एक कावळा खाली उतरला,
मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले त्याने,
हा नवा दिसतोय, याला जमणार नाही.
आणि खरेच, दोन मासे गेले माझ्या हातून.

लांबून रूळ वाजला.
सभा सुरू झाली असणार.
मी काठी आपटत राहिलो,
धुरात शिजत्या पिठाचा वास येईतो,
पुढे माच्यांवरची मासळी टोपल्यांत भरेतो,
पाण्यावर होड्यांचे कंदील लागेतो.

घरी येऊन वही उघडली.
वहीत माझे नाव नव्हतेच कधी, हजेरी घेणाऱ्याचे कशाला असेल?
ते शेवटच्या ओळीत लिहिले, पुढे फुली मारली.
तिसऱ्या रकान्यात कुठूनसा
एक खवला येऊन चिकटला होता.
नखाने खरवडून पाहिला, निघेना.
मीही फार खरवडला नाही.