चालू रीडिंग

पायाला प्लास्टर, बाहेर शेहेचाळीस,
कूलरमध्ये दिवसातून तीनदा बादल्या,
आणि सुगतनं बर्डीवरून सेकंडहँड आणलेला तो खेळ.
"बाबा, पूर्ण शहर मोकळं आहे. कुठंही जा."
बावीस वर्षं विजेचे मीटर वाचत फिरलेल्या माणसाला
असं सांगू नये.

मी गेलो.

भिंत दिसली की चढता येते तिथं.
कौलं, सज्जे, बुरुजाची मान,
बोट शिरेल एवढी फट पुरे.
पडलो तर मरतो
आणि त्याच पुलावर पुन्हा उभा राहतो,
ना एक्स-रे, ना रजेचा अर्ज.
शीळ घातली की घोडा येतो,
अगदी नदीच्या मधूनही,
पेट्रोलचा भाव न विचारता.
तलवारीचं तर काय सांगू,
बटण जरा उशिरा दाबलं तर खांदा जातो,
वेळेवर दाबलं तर समोरच्याचं पातं असं वाजतं
की कुंदा आतून विचारते, काय पडलं?
आणि संध्याकाळ.
तिथली संध्याकाळ बघत उभा राहिलो
म्हणून दोनदा मारला गेलो. तक्रार नाही.

पण बाजारात तीनच चेहरे.
एकच दाढीवाला मासे विकतो,
तोच पुलावर भीक मागतो,
तोच राजाच्या मागं भाला धरून उभा.
मासे महाग झाले, म्हणतो.
चाळीस तास झाले, महागच आहेत.
नकाशावर एकशे बारा ठाणी.
पहिली सहा जिंकताना हात थरथरले,
तिसाव्याला जांभई आली.
सुगत म्हणाला, "बाबा, तुम्ही तं ड्यूटी करून राहिले."
खरंय. सोमवारी मानेवाडा, मंगळवारी भांडेवाडी.

आणि दारं.
हजारो असतील. कडी आहे, बिजागरी आहे,
उंबऱ्याशी चपलासुद्धा.
उघडत नाहीत.
एका बटणानं माणूस कापता येतो,
दार वाजवायला बटणच नाही.
कुत्री भुंकत नाहीत, हे मला सगळ्यात खुपलं.
माझ्या डाव्या पोटरीवर दोन खुणा आहेत,
एक हंसापुरीची, एक नंदनवनची.
ओळख म्हणतात ती अशी होते.

एका रात्री पुलाच्या कोपऱ्यात पाय अडकला
आणि मी जमिनीतूनच खाली गेलो.
चूक खेळाची होती, माझी नाही.
पडत राहिलो, वर पाहिलं:
अख्खं शहर, खालून.
घरांना तळ नाही, आत कुणी नाही,
फोडी काढून घेतल्यावर
साल तशीच गोल जुळवून ठेवावी, तसं.
रस्त्यांवरून लोकांचे तळवे चालले होते.

भीती नाही वाटली. मीटर आठवले.
आत न जाता आतलं मला कळतं.
युनिट दुप्पट: कूलर आला, नाहीतर जावई.
युनिट शून्य, गेटला कुलूप: गावाला गेले.
युनिट शून्य आणि कुलूप नाही,
तेव्हा मोबाईल खिशात टाकून मी दार वाजवतो.
दोनदा वाजवलंय असं.
एकदा उशीर झाला होता.

जूनच्या तीन तारखेला प्लास्टर कापलं.
पहिली गल्ली भानखेड्याची.
मागील रीडिंग, चालू रीडिंग, फोटो, पुढचं घर.
आणि मान आपोआप वर.
सज्जा. पाण्याचा पाइप. पत्र्याची कड.
बावीस वर्षं मी या गल्लीचं
मीटरच्या उंचीचंच शहर पाहिलं होतं.
वर कुणी कबुतरं पाळतं.
कुणाच्या साडीवर कुरड्या वाळतात.
पिवळ्या गच्चीवरून निळ्या गच्चीवर
जाता आलं असतं,
गुडघा तिथला असता तर.

"काहून भाऊ, वर काय पाहून राहिले?
मीटर तं खाली आहे."
चौदा नंबरच्या बाई. दार सताड उघडं,
हातात पाण्याचा ग्लास,
मागं त्यांचं कुत्रं, माझ्याच पोटरीकडं बघत.

रस्ता पाहून राहिलो, म्हटलं.