तुकडा कोण टाकतं

वॉचडॉग म्हणतात त्याला, पण तो भुंकत नाही.
सर्किटबोर्डवरच्या एका चिपमध्ये बसून
साठापासून उलटे आकडे मोजतो.
शून्याच्या आत कुणी तुकडा टाकला
तर पुन्हा साठ.
नाही टाकला, तर मालकालाच चावतो,
आणि सगळं पहिल्यापासून.

कुत्री खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे.
हा खाल्ल्या मिठाला झोपतो.
उपाशी ठेवाल तरच जागा.

तुकडा टाकायचं काम माझ्या ड्रायव्हरचं.
दोनशे चौदा ओळी, बिश्केकमधल्या
हीटर न चालणाऱ्या खोलीत, हातमोजे काढून-घालून लिहिलेल्या.
मी शहाणपणा केला.
वरचे प्रोग्राम विसराळू,
त्यांच्या भरवशावर कशाला राहायचं?
कर्नलच्याच टायमरला सांगितलं,
दर वीस सेकंदांनी, कुणाला न विचारता, टाकत जा.
तपासताना रिसकुलोव्ह म्हणाले, छान, स्वच्छ आहे.
त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

साडेतीन हजार मीटरवर, हिमनदीखालच्या तळ्याकाठी
जूनमध्ये पेटी बसवली.
पाणी मोजायचं, खाली दरीत कळवायचं.
अकरा दिवस ती सांगत राहिली
तीन मीटर बेचाळीस.
तीन बेचाळीस. तीन बेचाळीस.
दिवा हिरवा, कुत्रा तृप्त.
मोजणारा प्रोग्राम पहिल्याच रात्री
एका कुलपापाशी वाट बघत थिजलेला,
आणि माझा टायमर त्या निजानीज झालेल्या घरातून
वेळच्या वेळी भाकरी बाहेर फेकत होता.

फोन आला उमुरझाकचा, मेंढ्या राखतो तो वर.
म्हणाला, सायकाल, तुझी पेटी काय म्हणते ते राहू दे.
लाल खडक बुडालाय. मी कळप वर चढवतोय.
त्या खडकावर लक्ष ठेव असं त्याला
कुणी सांगितलं नव्हतं.
संध्याकाळी चहा घेताना तो नुसता तिकडे बघायचा.

पूल गेला. माणसं वाचली.
त्यात माझा हात नाही.

मग पुन्हा लिहायला बसले.
ज्याने पाणी खरंच पाहिलं, त्यानेच तुकडा टाकायचा.
मोजणी ताजी असेल तरच.
दार ओढून जाणाऱ्याने जाताना
ठरलेलं एक अक्षर लिहून जायचं,
ते नसेल तर समजायचं: गेला नाही, कोसळला.
चावण्याआधी दहा सेकंद एक गुरगुर,
हातातलं अर्धं काम कुठेतरी टिपून ठेवण्यापुरती.
आणि उठल्याउठल्या आधी तो एक बिट वाचायचा,
आपण झोपून उठलो, की मरून.

ऑक्टोबरात उणे अठराला नवंच निघालं.
थंडीत पेटीला जागं व्हायला सत्तर सेकंद लागत,
मी साठच दिलेले.
रात्रभर ती उठायची, चावा खायची, उठायची.
मेला म्हणण्याआधी कुणाला किती वेळ द्यावा
हे मॅन्युअलच्या सहाशे पानांत कुठेच नाही.
एकशेऐंशी ठेवले. अंदाजाने.
शेजारी कॉमेंट लिहिली: थंडीसाठी.

माझा धाकटा भाऊ येकातेरिनबुर्गला असतो, गोदामात.
रोज रात्री नऊला त्याचा एकच शब्द येतो,
जाक्शी.
म्हणजे ठीक.
आई तो वाचते, फोन उशाशी ठेवते, झोपते.
तीन वर्षं. नऊ म्हणजे नऊ.

त्या रात्री मी त्याला लिहिलं,
जाक्शी नको.
आज काय जेवलास ते सांग.

तीन टिंबं हलली.
थांबली.
पुन्हा हलली.
मी मोजत होते.
एकशेऐंशीच्या पुढे गेले, तरी मोजत राहिले.