कडी

वास्कोच्या धक्क्यावरून ट्रेलर निघाला
पहाटे साडेतीनला.
कुठ्ठाळीच्या वळणावर अडकला,
आणि तासभर सगळा हमरस्ता
आमच्या घरांच्या नावाने हॉर्न वाजवत राहिला.

बारा डबे, सात कुटुंबं.
चिऱ्यांचं जोतं यमनप्पाने आधीच घातलेलं,
पाणसळ लावून लावून इतकं सपाट
की त्याच्या पोराने ठेवलेली गोटी
ठेवली तिथेच राहिली.

मी पूर्वी रासईच्या गोदीत बार्जी दुरुस्त करायचो.
खाणी थांबल्या, बार्जी चिखलात बसल्या,
माझा वेल्डिंगचा मुखवटा खुंटीवर गेला
आणि त्यात पालीने अंडी घातली.
आता तोच झटकून, पुसून, चढवून विचारतो :
खिडकी कुठे पाडू?

एस्पेरांस म्हणते, नदीकडे.
नवरा म्हणतो, रस्त्याकडे, स्कूटर दिसायला हवी.
धाकू काहीच म्हणत नाही,
बोट ओलं करून हवेत धरतो.
धाकूचंच ऐकलं.

कापताना आधी निळा रंग जळतो,
त्याखालचा तांबडा,
त्याच्याही खाली कुठल्याशा बुडालेल्या कंपनीचा पिवळा,
मग उजेड.

कापलेला तुकडा भंगारात द्यायचा नाही.
बिजागरी लावली की खिडकीवरची झडप होतो.
वर मडगावच्या पाडलेल्या गोदामाची कौलं,
कौल आणि पत्रा यांत हातभर पोकळी.
तिच्यातून एप्रिल निघून जातो.
सगळा नाही.
उरलेल्यासाठी उर्सुलाने कारल्याचा वेल चढवलाय.

एका डब्याला लवंगेचा वास होता,
एकाला रबराचा.
चिठ्ठ्या टाकल्या.
रबर यमनप्पाला आलं. म्हणाला,
"बरं झालं, लवंगेने मला शिंका येतात."
खरं नसावं.

दारावर छापलेलं : कमाल भार
तीस हजार चारशे ऐंशी किलो.
धाकूने आपलं सामान आत नेलं,
एक कपाट, दोन हंडे, गळाची पिशवी,
आणि बाहेर येऊन म्हणाला,
"अजून पुष्कळ माया जमवायला वाव आहे."

मग पंचायतीचा कारकून आला.
जोत्याभोवती फिरला, पत्र्यावर टिचकी मारली.
"अर्जात काय लिहू? वाहन, माल की घर?"
नंबर होता की, अकरा अक्षरांचा,
हातभर उंचीचा, लांबून वाचता येणारा.
"तो नाही," तो म्हणाला. "घराचा."
आमच्यापाशी तो नव्हता.
पुन्हा येतो म्हणाला.

त्या रात्री एस्पेरांसची मुलगी
दाराच्या आत उभी राहून मला विचारते,
"इथून कसं लावायचं?"

मी बघत राहिलो.
चार लोखंडी दांडे, वरपासून खालपर्यंत,
सीलसाठी भोक, सगळं बाहेरून.
आतल्या मालाला
दार लावायची कधी गरज पडली नसणार.
इतक्या खिडक्या मोजून पाडल्या,
आणि हे एवढं राहून गेलं.

घरी गेलो. पलंगाखाली पोतं होतं :
बार्जींच्या केबिनच्या पितळी कड्या,
शेवटच्या पगाराऐवजी मिळालेल्या.
बायको त्यांना भंगार म्हणायची, मीही कधीकधी.
सात निवडल्या.
दिवस उजाडेपर्यंत सात दारांचे दांडे कापले,
ते आता जमिनीत रोवलेत,
त्यांच्यावर सात घरांचे कपडे वाळतात.

सोमवारी कारकून आला, काखेत तीच फाईल.
दार लावलेलं होतं.
त्याने इकडेतिकडे पाहिलं,
ओढून पाहिलं,
मग चप्पल काढली, का ते त्यालाच ठाऊक,
आणि बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा वाजवलं.

आतून एस्पेरांसचा आवाज,
"कोण ते?"

कारकुनाने घसा खाकरला.
आधी नाव सांगितलं,
मग वाडा.